चेहऱ्यावरून कळतं का? पती-पत्नीच्या खुनाच्या मालिका आणि आपली मतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. रात्रीची जेवणं आटोपली की सासूबाई, मी आणि शेजारच्या दोघी मिळून गुन्ह्यांच्या मालिका बघतो. नवऱ्याने बायकोला मारलं किंवा बायकोने नवऱ्याला, असा भाग असला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चर्चा चालते. सासूबाई म्हणतात, चेहऱ्यावरूनच कळतं. शेजारच्या काकू म्हणतात, आजकालच्या मुलीही काही कमी नाहीत. माझे मिस्टर म्हणतात, हे बघूनच लोक शिकतात, बंद करा. तुम्ही कोर्टात इतकी वर्षं काढलीत. आमची ही मतं कितपत खरी असतात? आणि हे बघणं चुकीचं आहे का?"

बघणं चुकीचं नाही, हे आधी सांगून टाकते. मीसुद्धा बघते. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी 31 वर्षं वकिली केली, त्यातली 12 वर्षं अपर लोक अभियोजक म्हणून, म्हणजे सरकारच्या बाजूने. नवरा-बायकोपैकी एक गेलेला आणि दुसरा आरोपी, असे खटले मी दोन्ही बाजूंनी चालवले आहेत. तुमच्या घरातली तिन्ही मतं माझ्या ओळखीची आहेत, कारण ती मी साक्षीदारांच्या तोंडून शपथेवर ऐकली आहेत. पुढे जे प्रसंग सांगते, त्यांतले तपशील कुणाची ओळख पटू नये इतके बदलले आहेत.

सासूबाईंच्या मतापासून सुरुवात करते, कारण चेहऱ्याचं मत सगळ्यांत पक्कं असतं आणि सगळ्यांत जास्त नुकसानही तेच करतं.

एका वस्तीतली तरुण बायको पंख्याला लटकलेली सापडली. नवरा दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीवर डोकं आपटून घेत होता, चार माणसांनी त्याला धरून ठेवलं होतं. सगळी गल्ली म्हणाली, एवढा रडणारा माणूस बायकोला हात तरी लावेल का? शवविच्छेदनात गळ्यावरचा वळ सापडला तो आडवा, गळ्याभोवती पूर्ण फिरलेला आणि खाली उतरलेला. माणूस स्वतः गळफास घेतो तेव्हा वळ बहुधा हनुवटीखाली, वर कानाच्या दिशेने तिरका चढत जातो आणि गाठीपाशी तुटतो. इथे आतले स्नायूही चेचलेले होते. आधी गळा आवळला गेला होता, पंखा नंतर आला होता. त्या माणसाला जन्मठेप झाली. आणि मला आजही वाटतं की त्याचं रडणं खोटं नव्हतं. मारणाऱ्यालाही रडू येतं.

दुसरा खटला मात्र मला जास्त छळतो. एका नोकरदार गृहस्थाचा मृत्यू झाला, पोटात सल्फास. सल्फास म्हणजे गव्हाच्या कोठीत ठेवायच्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइड. माळव्यात वर्षाचा गहू भरून ठेवणाऱ्या कितीतरी घरांत त्या असतात. पोटात गेल्या की त्यातून विषारी वायू सुटतो आणि त्याला उतारा नाही. पोलीस घरी आले तेव्हा बायको रडत नव्हती. ती सहा वर्षांच्या मुलाला वरण-भात भरवत होती. तिने टीआय साहेबांना पाणी विचारलं. (आमच्याकडे मध्य प्रदेशात ठाण्याच्या प्रमुखाला टीआय म्हणतात.) चार शेजाऱ्यांनी न्यायालयात सांगितलं, "डोळ्यांत टिपूस नव्हतं." सरकारी वकील मी होते. अंतिम युक्तिवादात मी तेच टिपूस सगळ्यांत पुढे ठेवलं. बचाव पक्षाने एका दुकानदाराला उभं केलं, त्याने गोळ्या त्या गृहस्थाने स्वतः नेल्या असं सांगितलं. त्यांच्या अंगावर किती कर्ज होतं तेही बाहेर आलं. ती निर्दोष सुटली, पण तोवर तिने 14 महिने तुरुंगात काढले होते. मुलगा त्या दिवशी सकाळपासून उपाशी होता, हे तिच्या सासूने उलटतपासणीत सांगितलं होतं. ते वाक्य माझ्या फायलीत होतं. मी ते वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

वागणं हा पुरावा नसतोच असं मात्र समजू नका. जुन्या पुरावा कायद्यात कलम 8 होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 6 आहे. घटनेच्या आधीचं आणि नंतरचं वर्तन न्यायालय जरूर बघतं. पण कोणतं वर्तन? फरशी धुऊन काढली, रक्ताचे कपडे जाळले, विम्याची चौकशी केली, माहेरच्यांना तीन जणांना तीन वेगळ्या वेळा सांगितल्या, असं. म्हणजे ज्याच्यावर बोट ठेवता येतं आणि ज्याचा दुसरा कुणी साक्षीदार असतो. चेहऱ्याला साक्षीदार नसतो. तो बघणाऱ्याच्या मनात असतो, आणि मालिकेत तर तो नटाचा असतो. दिग्दर्शकाने नटीला सांगितलेलं असतं, इथे जरा थंड नजर दे. सासूबाई ओळखतात ती ही सांगून दिलेली नजर. त्यांचं ओळखणं बरोबरच ठरतं, कारण ते बरोबर ठरावं म्हणूनच तो भाग लिहिलेला असतो. वर्षानुवर्षं असं बरोबर येत गेलं की माणसाला वाटू लागतं, आपल्याला चेहरे वाचता येतात. मग हीच विद्या तो शेजारच्या घरावर वापरतो.

पुण्यातलं 1982 चं एक प्रकरण आहे, कायद्याचे विद्यार्थी ते वाचतात. लग्नाला जेमतेम चार महिने झालेली मुलगी, पोटॅशियम सायनाइडने मृत्यू, नवरा आरोपी. तिने माहेरच्या माणसांना आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती, त्यांत सासरचं दुःख होतं. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला सोडलं. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो निकाल ओळखला जातो. प्रत्यक्ष पाहणारा कुणी नसेल तर परिस्थितीजन्य पुरावा कसा तोलायचा, याची पाच सूत्रं त्यात घातली आहेत. प्रत्येक दुवा आधी स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे, सगळे दुवे जुळून साखळी पूर्ण झाली पाहिजे, आणि आरोपी निर्दोष असण्याची एकही वाजवी शक्यता तिच्यात उरता कामा नये. त्या प्रकरणात आत्महत्येची शक्यता उरली होती. हे मी दर वेळी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. "म्हणजे सुटलाच की!" हो, सुटला. पण "त्याने मारलं नाही" असं न्यायालय म्हणत नाही, "मारलं हे सिद्ध झालं नाही" असं म्हणतं. मालिकेत या दुसऱ्या वाक्याला जागा नसते, कारण शेवटी बेड्या दिसल्या नाहीत तर प्रेक्षकाला फसल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या बाजूनेही सांगते, नाहीतर मी केवळ आरोपींची कैवारी वाटेन. "घर बंद, आत दोघंच, मग दुसरं कोण?" हा तुमचा रोजचा प्रश्न कायद्यालाही पडतो. जी गोष्ट खास आरोपीलाच ठाऊक असू शकते, तिचा खुलासा त्याने केला पाहिजे, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 106 मध्ये होतं, आता ते साक्ष्य अधिनियमाच्या 109 मध्ये आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सासरच्यांनी सून साप चावून गेली असं सांगितलं होतं, आणि शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या त्रिमुख मारोती किरकन खटल्यात म्हटलं की चार भिंतींच्या आत घडलेल्या गुन्ह्यात घरच्यांना गप्प बसून सुटता येणार नाही, खोटा खुलासा हा साखळीतला आणखी एक दुवा ठरेल. मी सरकारतर्फे उभी असताना या निकालाचा आधार किती वेळा घेतला असेल, मोजलेलं नाही. मात्र त्याआधी सरकारला इतकं तरी दाखवावं लागतं की मृत्यू नैसर्गिक नव्हता आणि त्या वेळी तो माणूस घरात होता. त्या एका "घरात होता"साठी आम्ही दूधवाला, वॉचमन, कारखान्याचं हजेरी रजिस्टर असं सगळं गोळा करत असू. मालिकेत ते एका वाक्यात उरकतात.

मालिका खटल्याचा क्रमच उलटा करते. तिथे अटक हा शेवट असतो, न्यायालयात ती सुरुवात असते. पडद्यावर इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटतो आणि आरोपी घडाघडा सगळं कबूल करतो. संगीत थांबतं. आपल्या कायद्यात पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीजबाबाला पुरावा म्हणून काहीच किंमत नाही. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, म्हणजे आरोपीने सांगितलेल्या जागी चाकू निघाला, तर तेवढ्यापुरता भाग चालतो. आमच्याकडे त्या कागदाला मेमोरेंडम म्हणतात. त्यावर दोन पंचांच्या सह्या असतात, आणि तीन वर्षांनी पेशीवर, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, येऊन तेच पंच म्हणतात, "साहेब, मी ठाण्याबाहेर चहा पीत होतो, सही कर म्हणाले, केली." तसंच खोटं पकडण्याच्या यंत्राचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या सेल्वी निकालानंतर पॉलिग्राफ किंवा नार्को चाचणी संमतीशिवाय करता येत नाही. सीसीटीव्हीचं चित्र पडद्यावर दोन सेकंदांत दिसतं. न्यायालयात त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आधी 65-ब चं, आता कलम 63 चं. ते वेळेत न घेतल्याने डोळ्यांसमोर दिसणारं चित्र पुराव्यातून बाहेर गेलेलं मी पाहिलं आहे. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, सागरच्या राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किंवा विभागीय प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाची वाट महिनोन् महिने बघावी लागते. तोवर आई-बाप दर पेशीला गावाहून बस धरून येतात आणि पुढची तारीख घेऊन परत जातात. मालिका बनवणाऱ्यांवर माझा एकच राग असेल तर तो हा, की त्यांनी ही वाट बघणं कधी दाखवलं नाही.

आता काकूंचं मत. "आजकालच्या मुलीही काही कमी नाहीत."

हे मत आपल्या शहरात कुठून बळावलं ते आपण सगळे जाणतो. मे 2025 मध्ये इंदूरचं एक नवविवाहित जोडपं मेघालयात फिरायला गेलं, 2 जूनला नवऱ्याचा मृतदेह सोहरा भागातल्या दरीत सापडला आणि पुढे पत्नीला अटक झाली. त्या प्रकरणावर मी मत देणार नाही. ते न्यायालयाचं काम आहे, आणि ज्या आईचा मुलगा गेला तिच्या शहरात राहून मी तर्क लढवत बसावं हे मला शोभत नाही. पण त्या जूनमध्ये राजवाड्यापासून छप्पन दुकानपर्यंत, पोह्यांच्या ठेल्यावर आणि भजनी मंडळात, लोक कसे बोलत होते ते मी ऐकलं आहे. माझ्या भाचीचं लग्न ठरत होतं. मुलाच्या आत्याबाईंनी बैठकीत हसत विचारलं, "मुलीला डोंगरबिंगर आवडतात का हो?" सगळे हसले. भाची हसली नाही. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "मावशी, मी अजून त्या घरात गेलेही नाही आणि मला संशयित केलं."

आकडे बघू. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 2023 या एका वर्षात जगात सुमारे 51,100 स्त्रिया आणि मुली आपल्या जोडीदाराच्या किंवा घरातल्याच माणसाच्या हातून मारल्या गेल्या. म्हणजे दिवसाला 140. खून झालेल्या स्त्रियांपैकी साधारण 60 टक्के अशा घरच्यांकडून मारल्या गेल्या, पुरुषांमध्ये हेच प्रमाण 12 टक्क्यांच्या आसपास होतं. पुरुषांचे खून एकूण कितीतरी जास्त होतात, पण ते बहुतांशी घराबाहेर होतात. आपल्या देशात 2022 मध्ये हुंडाबळीचे 6 हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. बायकोने नवऱ्याला मारल्याची प्रकरणं खरी असतात, मी ती चालवली आहेत, आणि त्या नवऱ्याच्या आईचं दुःख सुनेच्या आईच्या दुःखाहून तसूभर कमी नसतं. पण मालिकेला दुर्मीळ गोष्ट लागते. रोज घडणाऱ्याची बातमी होत नाही, मग त्याचा भाग कसा होईल?

रोज घडणारं कसं असतं ते माझ्या पिढीच्या वकिलांना विचारा. मी वकिलीत आले तेव्हा आमच्याकडे "स्टोव्ह भडकला"च्या फायलींचे गठ्ठे असत. घरात पाच माणसं, स्टोव्हवर रोज तिघी-चौघी स्वयंपाक करायच्या, पण भडकायचा तो फक्त धाकट्या सुनेच्या अंगावर. 1983 मध्ये छळाचं कलम 498-अ आलं, 1986 मध्ये हुंडाबळीचं 304-ब आलं. लग्नानंतर 7 वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू झाला आणि मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं तर न्यायालय सासरच्यांविरुद्ध गृहीत धरू लागलं. नव्या न्याय संहितेत ही कलमं 85 आणि 80 झाली आहेत. जळालेल्या बाईचा मृत्युपूर्व जबाब घ्यायला तहसीलदार येत. मी त्या जबाबांचे कागद हाताळले आहेत, खाली अंगठ्याच्या जागी पायाचा ठसा असे, कारण हाताला कातडीच उरलेली नसे. त्या बायकांच्या गोष्टीत प्रियकर नव्हता, सुपारी नव्हती, रहस्य नव्हतं. कोण, कुठे, का, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक असायचं. म्हणूनच त्यांच्यावर भाग निघत नाहीत.

एक गोष्ट मालिकांच्या चाहत्यांना मी मुद्दाम सांगते. 1998 च्या सुमारास फरार गुन्हेगारांवरचा एक हिंदी कार्यक्रम देशभर गाजला होता. त्याच्या सूत्रसंचालकाच्या पत्नीचा 2000 मध्ये मृत्यू झाला आणि संशय त्यांच्यावरच आला. 2017 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना पत्नीच्या खुनासाठी जन्मठेप दिली. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. 18 वर्षं. त्या काळात प्रेक्षकांनी किती वेळा मत बदललं असेल! आणि प्रत्येक वेळी चेहरा तोच होता.

तुम्ही म्हणाल, आम्ही बोललो तर बोललो, आमच्या मताने कुणाला शिक्षा थोडीच होते? आपल्याकडे ज्युरी नाही, हे खरं. 1959 मध्ये मुंबईच्या नानावटी खटल्यात, म्हणजे पत्नीच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या खटल्यात, वृत्तपत्रांनी इतकं रान उठवलं, की ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी आरोपीला निर्दोष म्हटलं. पुढे उच्च न्यायालयाने तो कौल बाजूला ठेवून शिक्षा दिली. आज निकाल न्यायाधीशच देतात. पण प्रेक्षक ज्युरी होत नसला तरी तो साक्षीदार होतो, पंच होतो, फरियादी होतो. माझा खरा अनुभव इथला आहे.

एका खटल्यात शेजारीण फार महत्त्वाची साक्षीदार होती. घटनेच्या दुसऱ्या दिवशीच्या बयानात तिने सांगितलं होतं, "रात्री भांडणाचा आवाज आला, वेळ लक्षात नाही." दीड वर्षाने न्यायालयात ती म्हणाली, "बरोबर 11 वाजून 40 मिनिटांनी किंकाळी आली, मग काहीतरी ओढत नेल्याचा आवाज." मधल्या काळात त्या प्रकरणावर वाहिनीवर एक भाग येऊन गेला होता, आणि ओढत नेण्याचा आवाज त्यात होता. बाई खोटं बोलत नव्हती. तिला तो आवाज खरोखर आठवत होता. बचाव पक्षाच्या वकिलांनी तिचं पहिलं बयान समोर ठेवलं, आणि वाढवलेल्या भागासोबत तिचं खरं वाक्यही गेलं. भांडणाचा आवाज खरा होता. मला तोच हवा होता, आणि तोच वाया गेला.

म्हणून एखादं प्रकरण तुमच्या ओळखीतलं असेल, तुम्ही काही पाहिलं-ऐकलं असेल, तर त्यावरचा कार्यक्रम बघू नका, आणि दुसऱ्या कुणाला त्याबद्दल सांगण्याआधी आपल्याला जे आठवतं ते तारीख घालून लिहून ठेवा. एवढं केलंत तरी सरकारी वकिलाला मोठी मदत होते. वाहिन्यांनाही न्यायालयांनी बजावलं आहेच. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की तपास चालू असताना आरोपीचा कबुलीजबाब छापणं, घटना नाट्यरूपात दाखवणं, कुणाला दोषी ठरवणं हे न्यायात ढवळाढवळ करणारं आहे.

तुमच्या मिस्टरांचं मत, की लोक बघून शिकतात, मी झटकून टाकत नाही. ठरवून केलेल्या खुनांत आरोपीच्या फोनमध्ये शोधलेले शब्द सापडतात, हे आता नेहमीचं झालं आहे. पण माझ्यासमोर आलेले बहुतेक खून हाताला लागेल त्या वस्तूने झालेले होते. लाटणं, वरवंटा, ओढणी, रॉकेल. तिथे कुणी काही शिकून आलेलं नव्हतं, होतं ते वर्षानुवर्षं साचलेलं. आणि जे शिकून येतात ते सहसा अर्धंच शिकतात. केरळात 2020 मध्ये एका माणसाने बायकोला झोपेत नागाचा दंश घडवून मारलं. त्याला वाटलं, साप चावला म्हटल्यावर विषय संपेल. पोलिसांनी पुतळा आणि जिवंत नाग घेऊन प्रयोग केला, नैसर्गिक दंशात दातांच्या खुणांमधलं अंतर किती असतं आणि फणा दाबून धरल्यावर ते किती वाढतं हे मोजून दाखवलं. 2021 मध्ये त्याला दुहेरी जन्मठेप झाली. चिकाटीचा तपास कसा असतो याचा हा नमुना आहे, आणि असे भाग मी आवडीने बघते.

बघण्याबद्दल मला सर्वांत जास्त खटकतं ते आणखी वेगळंच. या भागांत मुलं दिसत नाहीत. दिसलीच तर बाहुली धरून कोपऱ्यात एक क्षण. खऱ्या खटल्यात अनेकदा मूल हा एकमेव साक्षीदार असतो. आठ-नऊ वर्षांचं मूल न्यायाधीशांसमोर उभं राहतं, ते आधी त्याला इकडचे तिकडचे प्रश्न विचारतात, कुठल्या शाळेत जातोस, खरं बोलणं म्हणजे काय, खोटं बोललं तर काय होतं. उत्तरं समजून-उमजून येताहेत असं वाटलं तरच साक्ष पुढे जाते. एक मुलगी मला आठवते, तिने सगळं नीट सांगितलं, कुठेही अडखळली नाही. शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, बेटा, काही बोलायचंय? ती म्हणाली, "मी सांगितलं तर बाबाला घरी सोडणार ना?" आई आधीच गेली होती. तिच्या साक्षीवर बापाला जन्मठेप झाली आणि ती नानीकडे उज्जैनला गेली. रात्री मालिका संपून जाहिरात लागते तेव्हा मला पुष्कळदा ती आठवते.

तर बघा, पण बघताना आपसात दुसरा प्रश्न विचारा. "कोणी मारलं?" हे मालिका सांगणारच आहे. "आधी कुणाला माहीत होतं?" हे विचारा. मी चालवलेल्या फायलींत, नवरा मेलेला असो की बायको, कुठे ना कुठे एक वाक्य सापडायचंच, "आवाज तर नेहमीच यायचे." किंवा, "माहेरी आली होती, पण आम्हीच समजावून परत पाठवली." हे वाक्य बोलणारी माणसं वाईट नसत. बहुतेक वेळा ती रडत रडतच ते बोलत.

चेहरा वाचायची सासूबाईंना आवड आहे, तर ती इथे कामी आणा. शेजारची सून चार दिवस गच्चीवर आली नाही, उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज घालून फिरते आहे, फोनवर बोलताना कुणी आलं की थांबते, शेजारचा मुलगा घरी जायचं टाळून रात्री 11 पर्यंत पारावर बसून राहतो, हे तुमच्या सासूबाईंच्या नजरेतून सुटणार नाही. आवाज आला तर बेल वाजवा. वाटीभर साखर मागा, लाइट गेली का विचारा, काहीही निमित्त चालेल. दार उघडलं की त्या क्षणापुरता हात थांबतो, हे मला एका बाईने स्वतः सांगितलं आहे. मारहाण चालूच असेल तर 112 लावा. बाईला सल्ला किंवा आसरा हवा असेल तर 181 आहे, तुम्हीही तिच्यासाठी लावू शकता. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली तिला त्याच घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो, घर सोडावंच लागतं असं नाही. फुकट वकील हवा असेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि तिथे छळ होणाऱ्या पुरुषालाही निदान कुणीतरी ऐकून घेईल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. सल्फासच्या खटल्यातल्या त्या बाईची सासू त्यांच्याच वयाची होती. मुलगा गेलेला असताना, सगळी गल्ली एका बाजूला असताना, सरकारी साक्षीदार म्हणून उभी राहून तिने सांगितलं होतं की नातू सकाळपासून उपाशी होता.